कॉन्स्पिरसी थिअरी ऐकून घ्यायची की उडवून लावायची?

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, माणूस चंद्रावर गेलाच नव्हता वगैरे, आणि नेहमीप्रमाणे अर्धे जण म्हणतायत असलं बोलणाऱ्याला वेड्यात काढा आणि विषय संपवा, बाकीचे म्हणतायत आग असल्याशिवाय धूर निघतो का. मला दोन्ही पटत नाही.

वेड्यात काढू नका म्हणतेय कारण टस्कीगी. अमेरिकेत अलाबामामधल्या टस्कीगी या गावात १९३२ पासून तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला, त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता, त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय, आणि प्रत्यक्षात उपचार न करता रोग शरीरात कसा पसरतो ते नुसतं बघत बसले. हा रोग बरा करणारं पेनिसिलिन आल्यावरसुद्धा दिलं नाही! हे १९७२ पर्यंत चाललं. पीटर बक्स्टन नावाचा त्याच खात्यातला माणूस १९६६ पासून तक्रारी करत होता, कोणी ऐकेना, शेवटी त्याने पत्रकारांना कागद दिले तेव्हा बंद पडलं. १९६० मध्ये कोणी म्हटलं असतं की सरकारी डॉक्टर मुद्दाम औषध देत नाहीयेत, तर आपणच त्याला हसलो असतो ना?

पण नीट बघा, त्या अभ्यासाचे निष्कर्ष मेडिकल जर्नल्समध्ये रीतसर छापून येत होते. लपवलं होतं ते फक्त त्या माणसांपासून. म्हणजे खऱ्या कारस्थानालाही कागद असतात, तारखा असतात, आतून अस्वस्थ झालेला एखादा तरी माणूस असतो.

चंद्राचं तसं नाही. आमचा दादा (मावसभाऊ, माझ्याहून बराच मोठा, अभ्यासू माणूस) चंद्रावर हवा नाही तर झेंडा फडकलेला कसा दिसतो विचारतो, त्याला सांगितलं की वरच्या कडेला आडवी दांडी घातली होती. मग फोटो नासाचेच म्हणे. म्हटलं अरे दादा, आपल्या चांद्रयान-२ ने वरून अपोलो ११ जिथे उतरलं त्या जागेचा फोटो काढलाय, तर म्हणे इस्रोपण सामील असेल. इथे मी थांबते. आणलेला प्रत्येक पुरावा कटातच सामील होत असेल तर बोलायचं कशावर? काय दाखवलं तर तू मत बदलशील, हे फक्त मीच त्याला आधी विचारायला हवं होतं असं नाही, प्रत्येकानेच प्रत्येकाला आधी हेच विचारायला हवं.

आणि कधीकधी एकाच प्रकरणात निम्मा संशय खरा आणि निम्मा खोटा असतो, हे कोणी बोलतच नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना एका प्रोजेक्टमध्ये एचपीव्हीची (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) लस दिली गेली, त्यातल्या सात मुली नंतर दगावल्या, आणि लसीने मुली मारल्या असं सगळीकडे पसरलं. २०१० मध्ये प्रोजेक्ट थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, एकीला साप चावला होता, एक पाण्यात बुडाली होती. पण त्याच चौकशीत बाहेर आलं की कित्येक संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनची नाहीतर हेडमास्तरची सही होती, आणि त्यात बऱ्याच मुली आदिवासी घरातल्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर फार कडक शब्दांत लिहिलं.

मला याचा खरंच राग येतो. लसीने मारलं म्हणणारे चूक होते, पण सगळ्या अफवा आहेत म्हणून हात झटकणारेही चूकच होते, आणि या भांडणात त्या सह्यांचं काय झालं, ज्या आईला न विचारता तिच्या मुलीला सुई टोचली तिला कोणी जाऊन काही सांगितलं का, हे विचारणारे फार थोडे उरले. ग्रुपवर कोणी लसीबद्दल शंका काढली की आता मी पहिल्यांदा विचारते, तुझा आक्षेप लसीवर आहे की ती देण्याच्या पद्धतीवर? पहिल्याचं उत्तर आकड्यांत मिळतं, दुसऱ्यासाठी कागद मागावे लागतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा लागतो, आणि तेवढे कष्ट घ्यायची ज्याची तयारी आहे त्याच्या बाजूने मी उभी राहीन.