न्यू जर्सीत उतलेला बिब्बा

मे महिन्यातला सोमवार होता. रात्री जेवायला बसलो आणि डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली. डास चावला असेल म्हणून खाजवून सोडून दिलं. मंगळवारी सकाळी तिथे एक सरळ लाल रेघ उठली होती, कुणी काडीने ओढावी तशी, आणि त्या रेघेवर मोहरीएवढे पाणीदार फोड एकाला एक चिकटून बसले होते. डास असे रांगेत चावत नाहीत.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. आमचं गाव राजापूर तालुक्यात. तिने चष्मा लावला, माझा हात खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर बिब्बा उतलाय! पण इकडे बिब्बा आला कुठून?" बिब्ब्याचं तेल लागून कातडीवर असे फोड उठले की आमच्याकडे बिब्बा उतला म्हणतात. तिचं निदान किती जवळचं होतं हे कळायला मला पुढचे दहा-बारा दिवस लागले. ते दिवस आमच्या घराला फार जड गेले, आणि त्यातला निम्मा त्रास निव्वळ गैरसमजाचा होता. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. अमेरिकेत आपली इतकी माणसं राहतात, उन्हाळ्यात आई-वडील येतात, पोरं परसात खेळतात. कुणाला तरी उपयोग होईल.

शनिवारी मी कुंपणाची साफसफाई केली होती. मागच्या कोपऱ्यात एक जुना ओक आहे. त्याच्या बुंध्यावर एक वेल चढला होता, अंगठ्याएवढा जाड आणि सुंभाच्या दोरीसारखा केसाळ. खाली जमिनीवर त्याचीच कोवळी, तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकीत पानं पसरली होती. बागकामाचे कापडी हातमोजे घालून मी तो कात्रीने कापला, ओढून काढला, भारे उचलून कुंपणापलीकडच्या ढिगावर टाकले. हातमोजे आणि शर्टाची बाही यांच्यामध्ये मनगट उघडं होतं. संध्याकाळी साबणाने हात धुतले, पण तोवर चार तास उलटून गेले होते.

आपण 'पळसाला पानं तीनच' म्हणतो. इथल्या शाळकरी पोरांना तीन पानांचंच एक यमक शिकवतात: तीन पानं दिसली की लांब राहा. मी अकरा वर्षं या देशात राहून ते कानाआड केलं होतं. मी कापलेला तो वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. त्याचं पान आपल्याला ओळखायला खरं तर सोपं आहे, कारण आपण बेलाचं पान लहानपणापासून हाताळलेलं असतं. ठेवण तीच: मधलं पान लांब देठावर पुढे आलेलं, बाजूची दोन बुडाशी जवळजवळ चिकटलेली. फरक असा की ही बाजूची पानं दोन्हीकडे सारखी नसतात, बाहेरच्या अंगाला जास्त फुगीर असतात, फक्त अंगठा वेगळा असलेल्या हातमोज्यासारखी. वसंतात तांबूस, उन्हाळ्यात हिरवी, पानगळीत लालभडक. पाच पानांचा वेल असेल तर तो व्हर्जिनिया क्रीपर, वेगळा. आणि हिवाळ्यात पानं नसली तरी तो केसाळ दोर तितकाच जालीम असतो.

बुधवारी उजवा हात कोपरापर्यंत भरला. गुरुवारी मानेवर चट्टे आले, शुक्रवारी पोटावर पट्ट्याच्या रेषेत, आणि डावी पापणी इतकी सुजली की डोळा निम्माच उघडेना. मनगटावरचे फोड फुटून पिवळसर लस वाहत होती. रोज नवी जागा. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: हे पसरतंय. लस जिथे लागते तिथे नवं उठतंय. बायकोने माझी चादर वेगळी केली, टॉवेल वेगळा केला. आमची लेक तेव्हा चार वर्षांची. तिला सांगितलं की बाबांना हात लावायचा नाही. ती दाराच्या चौकटीशी उभी राहून गोष्ट ऐकायची. झोपताना तिला माझ्या दंडावर डोकं ठेवायची सवय होती, ती मोडली. दहा दिवस मी तिला उचललं नाही.

आता हे सगळं चुकीचं होतं, हे मला आधी सांगायचंय.

या वेलात उरुशिओल नावाचं तेल असतं. जपानी लाखेला उरुशी म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं, कारण त्या लाखेच्या झाडाच्या चिकातही तेच द्रव्य आहे. ते पानात असतं, खोडात असतं, मुळात असतं. कातडीला लागलं की काही मिनिटांत आत शिरू लागतं आणि कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. मग शरीरातल्या संरक्षक पेशींना ती आपलीच कातडी परकी वाटते आणि त्या तिच्यावर तुटून पडतात. या पेशी जमा व्हायला साधारण बारा तास ते तीन दिवस लागतात. आयुष्यात पहिल्यांदाच गाठ पडली असेल तर दोन-तीन आठवडेही लागू शकतात. म्हणून शनिवारचं काम सोमवारी रात्री बोललं.

आणि म्हणूनच पुरळ रोज पुढे सरकतंय असं दिसतं. मनगटाची आतली बाजू, मान, पापणी इथली कातडी पातळ, तिथे लवकर उठतं. जिथे कातडी जाड किंवा तेल कमी लागलेलं, तिथे चार-पाच दिवसांनी, आठवड्याने. तळहाताला बहुधा उठतच नाही, पण त्याच तळहाताने आपण मान खाजवतो, पट्टा सोडतो, डोळा चोळतो. तेल शनिवारीच सगळीकडे गेलेलं असतं, फक्त प्रत्येक जागेची पाळी वेगवेगळ्या दिवशी येते. फोडातल्या लसेत हे तेल नसतं. ती आपल्या शरीराचीच असते. ती लागून दुसऱ्याला काही होत नाही, आपल्याही दुसऱ्या जागेला होत नाही.

हे मला पहिल्या डॉक्टरांकडे कळलं नाही. शुक्रवारी एका अर्जंट केअरमध्ये, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येतं अशा दवाखान्यात, गेलो. त्यांनी दारातूनच ओळखलं, "पॉयझन आयव्ही", आणि स्टेरॉईडच्या गोळ्यांचं सहा दिवसांचं पाकीट दिलं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं. सूज उतरली, मी रात्रभर झोपलो. गुरुवारी गोळ्या संपल्या आणि शनिवारी सकाळी सगळं पहिल्यापेक्षा जास्त जोराने परत आलं. त्या दिवशी मी बाथरूममध्ये बसून रडलो. खाज हा शब्दच त्याला अपुरा आहे. आत कुणीतरी निखारा फिरवतंय आणि आपल्याला तिथवर पोचता येत नाही, असं रात्रभर चालतं.

सोमवारी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे वेळ मिळाली. त्यांनी आधी दोन प्रश्न विचारले. आंबा खाताना ओठांना खाज येते का? आणि त्या दिवशी वापरलेल्या वस्तूंचं काय केलं?

पहिल्या प्रश्नाने मी चमकलो. लहानपणी आंबे उतरवताना देठाचा चीक गालावर उडाला की तिथे काळसर डाग पडून जखम व्हायची. काजूच्या ओल्या बिया सोलताना आई हाताला खोबरेल नाहीतर राख चोळायची, तरी तिच्या बोटांची सालं निघायची. बाई म्हणाल्या की आंबा, काजू आणि पॉयझन आयव्ही ही एकाच कुळातली झाडं, आणि त्यांच्या चिकातली द्रव्यं एकमेकांची भावंडं आहेत. एकाने शरीर चिडलेलं असलं की ते दुसऱ्यालाही ओळखू शकतं. घरी आल्यावर मी शोधलं: बिब्बाही त्याच कुळातला. परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे, त्या हवेवर काळ्या पडायच्या आणि कितीही धुतल्या तरी जायच्या नाहीत. माझ्या शनिवारच्या शर्टाच्या बाहीवर तसेच काळे ठिपके होते. वॉशिंग मशीनमधून निघूनही तसेच. आईला दाखवले तर ती नुसती म्हणाली, "मग? मी काय म्हटलं होतं?"

दुसरा प्रश्न जास्त कामाचा ठरला. ते तेल वाळतं, पण मरत नाही. हत्यारांवर, बुटांवर, हातमोज्यांवर महिनोन् महिने, कधी वर्षभराहून जास्त टिकतं, आणि मिठाच्या कणाहून कमी तेल पुरळ उठवायला पुरतं. मी रोज तेच बूट घालून ऑफिसला जात होतो. रोज सकाळी त्याच नाड्या बांधत होतो. दुसऱ्या आठवड्यात बोटांच्या बेचक्यात नव्याने उठलं होतं, ते जुनं पुरळ सरकलं नव्हतं. ते नाड्यांनी दिलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही घर धुऊन काढलं, अक्षरशः. वापरून फेकायचे नायट्राइलचे हातमोजे घालून. (साध्या लॅटेक्सच्या हातमोज्यांतून हे तेल आरपार जातं.) कापडी हातमोजे आणि नाड्या पिशवीत बांधून कचऱ्यात. कात्रीची मूठ, फावड्याचा दांडा, बुटांचं चामडं, गाडीचं हँडल, गॅरेजच्या दाराची कडी आधी रबिंग अल्कोहोलने, मग भांड्यांच्या साबणाने. भांड्यांचा साबण का, तर तो तुपाचा ओशटपणा तोडतो तसा या तेलाचाही तोडतो. त्या दिवशीचे कपडे वेगळे, गरम पाण्यात, दोनदा. कुत्रा असेल तर त्यालाही हातमोजे घालून आंघोळ घालावी लागते. त्याला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण केसांवर तेल घेऊन तो थेट मांडीवर येतो.

गोळ्यांबद्दल बाई स्पष्ट बोलल्या. इतकं पसरलेलं असेल, तोंडावर असेल, तर प्रेडनिसोन हे स्टेरॉईड द्यायचं ते दोन-तीन आठवडे, हळूहळू कमी करत. सहा दिवसांत थांबवलं तर शरीराचा राग तसाच शिल्लक असतो, तो उसळतो. मला एकोणीस दिवसांचा उतरता डोस मिळाला. भूक वाढली, झोप उडाली, चिडचिड झाली, पण पुरळ परतलं नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे औषध घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, साखर वाढते.

बाकी आराम कशाने पडला? थंड पाण्याच्या घड्या, पंधरा-पंधरा मिनिटं. लस वाहत होती तोवर ॲल्युमिनियम ॲसिटेटची पूड पाण्यात घालून त्या घड्या, त्याने फोड लवकर सुकले. कॅलामाइन. बारीक दळलेलं ओटमील कोमट पाण्यात घालून आंघोळ. कडकडीत गरम पाण्याने क्षणभर स्वर्ग वाटतो, नंतर दुप्पट भोगावं लागतं. खाजेसाठी मिळणारी ॲलर्जीची मलमं बाईंनी बंद केली, त्यांचीच वेगळी ॲलर्जी होऊ शकते. ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप आली, खाज गेली नाही, कारण ही खाज त्या जातीची नाही. आईने खोबरेल लावलं, तीळ वाटून लावले, बिब्ब्यावर लावतात तसे. थोडं गार वाटलं, एवढंच म्हणेन. पण तिचा हात अर्धा तास माझ्या हातावर फिरत होता, आणि तिला काहीही झालं नाही. आमचा गैरसमज तेव्हाच फिटायला हवा होता.

निघताना बाई म्हणाल्या, "आंघोळ केली आहे ना? कपडे स्वच्छ आहेत ना? मग आज घरी गेल्यावर मुलीला उचलून घ्या." मी गाडी लावली आणि आधी तेच केलं. तिने माझ्या मनगटावरच्या खपल्या एक एक करून मोजल्या.

एक गोष्ट थोडक्यात राहून गेली असती. शेजारच्या आजोबांनी तो वेलांचा ढीग वाळल्यावर जाळायचं ठरवलं होतं. मी धावत जाऊन थांबवलं. हा वेल जाळला की तेल धुराबरोबर उडतं, आणि तो धूर छातीत गेला तर घशात आणि फुप्फुसात तेच होतं जे माझ्या हातावर झालं. त्यात माणसाला हॉस्पिटलात ठेवावं लागतं. श्वास लागला, डोळा बंद झाला, ताप आला किंवा फोडात पू झाला तर घरगुती उपाय करत बसू नये.

आता हा वेल मला सगळीकडे दिसतो. डेलावेअर-रॅरिटन कालव्याकाठच्या पायवाटेवर, लेकीच्या शाळेच्या कुंपणावर, पार्किंगच्या कडेला. उत्तर कॅरोलायनात ड्यूक विद्यापीठाच्या जंगलात हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवून प्रयोग केला होता. २००६ साली त्याचे निष्कर्ष आले: हा वेल जास्त वेगाने वाढला आणि त्याचं तेलही जास्त जालीम झालं. म्हणजे तो कमी होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी ओकच्या बुडाशी पुन्हा अंकुर आला. मुळाचा तुकडा राहिला होता. पाऊस पडून माती मऊ झालेली, उपटायला बरा दिवस. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवत होतो तेवढ्यात लेकीची हाक आली. ती पाच पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती.

"बाबा, बेलासारखं आहे, पण बेल नाही."

मी पावाची रिकामी पिशवी आणायला आत गेलो. पिशवीत हात घालायचा, मुळासकट ओढायचं, पिशवी तशीच उलटी करून गाठ मारायची.