फळ्यावरची बिननावाची कविता

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे म्हणून शाळेतून फोन आला तेव्हा माझ्यासमोर पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता, बारावीचं इंग्लिश, आणि कवितेच्या प्रश्नाला मुलांमागून मुलं तेच एक उत्तर लिहीत गेलेली, कुठल्यातरी गाईडमधलं, शब्दन् शब्द सारखा. मला त्या मुलांचा राग येत नाही. मी पण हेच केलेलं आहे. त्यातून मला बाहेर कोणी काढलं ते सांगायचं तर आपल्या शाळेच्या आठवी ब च्या वर्गात जावं लागतं, आणि ते सुद्धा इंग्लिशच्या नाही, मराठीच्या तासाला.

मी १९९० च्या दहावीच्या बॅचची. आमच्या वेळी इंग्लिश पाचवीपासून सुरू व्हायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली), त्यामुळे आठवीपर्यंत आमचं इंग्लिश म्हणजे स्पेलिंग आणि धड्याखालची प्रश्नोत्तरं. कवितेशी खरी ओळख झाली ती मराठीतच. शनिवारी सकाळची शाळा असायची, शेवटचा तास मराठीच्या बाईंचा, आणि त्या तासाला बाई पुस्तक उघडूच द्यायच्या नाहीत. फळा स्वच्छ पुसायच्या, एक कविता लिहायच्या, वर शीर्षक नाही, खाली कवीचं नाव नाही, आणि हात झटकून खुर्चीत बसायच्या. आम्ही सगळे गप्प. पहिल्या शनिवारी कोणीतरी म्हणालं, बाई हे आम्हाला शिकवलेलं नाहीये. त्यावर बाई म्हणाल्या, "अपठित म्हणजे न वाचलेलं. न वाचता येणारं नव्हे."

त्या दिवशीची कविता आठ ओळींची होती. झरा, बेटं, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह. मागच्या बाकावरचा एकजण पटकन बोलून गेला, "बाई, हाई ते आमनं वावर शे!" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत, त्यांनी त्याला उभं केलं आणि विचारलं, तुझ्या वावरात हे सगळं एका ओळीत असंच दिसतं का, की कवी तुला हाताला धरून कुठेतरी नेतोय? मग आम्ही रंग शोधले. हिरवा, निळासावळा, पांढरी पायवाट, पुन्हा हिरवा, आणि मग एकदम काळा डोह. माझ्या अंगावर काटा आला होता हे मला आजही आठवतं, कारण तोपर्यंत मी ती कविता छान छान निसर्गवर्णन म्हणूनच वाचत होते आणि ती पायवाट मला थेट काळोखाशी नेऊन सोडते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटच्या ओळीतल्या औदुंबराला कवी "असला" का म्हणतो यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं. घंटा झाल्यावर बाईंनी खाली नाव लिहिलं, बालकवी, आणि म्हणाल्या हा आपल्या धरणगावचा मुलगा, ठोमऱ्यांचा, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्याला बालकवी हे नाव मिळालं तेव्हा तो तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा होता, आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेला तेव्हा अठ्ठावीसचा पण नव्हता. भादली! आमच्यातले निम्मे जण तिथून भुसावळला जायचे यायचे.

नाव आधी सांगितलं असतं तर आम्ही काय केलं असतं? निसर्गकवी एवढं लिहून मोकळे झालो असतो.

हे सगळं मी नंतर विसरले हे खरं दुःख आहे. बी.ए. ला इंग्लिश स्पेशल घेतलं आणि तिथे तगून राहायला पाठांतर पुरत होतं. सगळीकडे एकच भाषा, सर आयएमपी द्या, हे ऑप्शनला टाकलं तर चालेल का, मागच्या तीन वर्षांत काय आलंय. एम.ए. ला पुण्याला गेले तेव्हा सिनियर मुलींच्या नोट्स मिळाल्या आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकावर मी चार उत्तरं घोटून गेले, महत्त्वाकांक्षा, चेटकिणी, लेडी मॅकबेथ आणि शोकनायक. दिवाळीआधीच्या अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला झोपेवर. नाटकात झोप आणि जागरण यांचं काय स्थान आहे, चर्चा करा. मला घाम फुटला. मी महत्त्वाकांक्षेचं उत्तर लिहायला घेतलं आणि दर परिच्छेदाच्या शेवटी झोप हा शब्द चिकटवत गेले, दोन सप्लिमेंट भरल्या. सोळापैकी चार मिळाले, आणि समासात लाल पेनाने लिहिलेलं, व्हेअर इज स्लीप? तपासणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मला रडू आलं ते मार्कांपेक्षा याचं की नाटक मी दोनदा अख्खं वाचलं होतं, त्यातलं मला माहिती होतं, आणि तरी ऐन वेळी मी त्यातलं काही बघितलंच नाही.

दिवाळीत गावी आले तेव्हा बाईंना भेटायला गेले. त्या ओट्यावर पेपर वाचत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला इंग्लिशमधला मॅकबेथ काही वाचता येत नाही गं, पण शिरवाडकरांचं राजमुकुट मी वाचलंय, नावं वेगळी, गोष्ट तीच. सांग बरं, झोप कोणाकोणाची उडते?" मी सांगत गेले. राजाच्या खुनाआधी मॅकबेथचा सोबती बँको म्हणतो डोळे जड झालेत पण झोपावंसं वाटत नाही. खून झाल्यावर मॅकबेथला आवाज ऐकू येतो की त्याने झोपेचाच खून केलाय. आणि त्याची जी बायको त्याला हसत होती, घाबरट म्हणत होती, तीच पाचव्या अंकात झोपेत चालते, हातात दिवा घेऊन. बाई म्हणाल्या, मग हे बघ ना, झोपलेल्या माणसाला मारलंय, म्हणून मारणाऱ्यांची झोप गेली, एकाला झोप येत नाही आणि दुसरीला आली तरी ती झोप राहत नाही. तासाभरात वहीच्या एका पानावर उत्तर तयार झालं, मराठीत, आणि त्यात नोट्समधलं एकही वाक्य नव्हतं.

नंतर माझी तयारीच बदलली आणि ते थोडं सविस्तर सांगते, कारण ही स्मरणिका आत्ताची दहावीची मुलं पण वाचतील. मी उत्तरं पाठ करणं पूर्ण बंद केलं. प्रत्येक नाटकासाठी, कादंबरीसाठी प्रसंगांची यादी केली, कुठल्या अंकात कोण कोणाला काय म्हणतं, सोबत चार-पाच शब्दांची छोटी अवतरणं, लांबलचक नाहीत, आणि त्यांना कुठल्याही विषयाचं लेबल लावलं नाही, कारण लेबल लावलं की ते अवतरण फक्त त्याच प्रश्नाला चालतं असं डोकं धरून बसतं. हॉस्टेलवर आम्ही चौघी, चौघींनी चिठ्ठ्यांवर मनाला येतील ते प्रश्न लिहायचे, जितके विचित्र तितके चांगले, मॅकबेथमधल्या मेणबत्त्या, मॅकबेथमधली लहान मुलं, आणि त्या पोह्याच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या. रोज रात्री जेवणानंतर एक चिठ्ठी. अख्खं उत्तर लिहायचं नाही, दहा मिनिटांत फक्त आराखडा. माझं म्हणणं काय ते एका वाक्यात, ते दाखवणाऱ्या तीन जागा, आणि माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी एक जागा. ही चौथी जागा बाईंची. "तुझ्या विरुद्ध काय जातं ते तूच आधी सांग, मग ऐकणारा विश्वास ठेवतो."

परीक्षेत ती पहिली दहा मिनिटं फार अवघड जातात. आजूबाजूला पेनं धावत असतात, अर्ध्या तासात कोणीतरी सप्लिमेंट मागतं, आणि आपण प्रश्नातल्या शब्दांखाली रेघा मारत बसलेलो असतो. तरी मारायच्या.

आणि अपठित कवितेसाठी शनिवारचीच पद्धत. पहिल्यांदा नुसती कानाने वाचायची, मनातल्या मनात मोठ्याने. दुसऱ्यांदा कोण बोलतंय, कोणाशी, कुठे उभं राहून. तिसऱ्यांदा कविता वळते कुठे. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत पहिलं सुनीत, म्हणजे चौदा ओळींचं सॉनेट, लिहिलं (ते त्याला चतुर्दशक म्हणायचे) ते शिकवताना बाईंनी आम्हाला हे वळण दाखवलं होतं, आठ ओळी एकीकडे आणि सहा दुसरीकडे, पण त्या म्हणायच्या वळण प्रत्येक कवितेत असतं, काहींत ते एका "पण" मध्ये असतं आणि काहींत नुसत्या श्वासात.

एम.ए. च्या दुसऱ्या वर्षी सरांनी आय. ए. रिचर्ड्सबद्दल सांगितलं. केंब्रिजमध्ये १९२० च्या दशकात हा माणूस विद्यार्थ्यांना कविता द्यायचा, कवीचं नाव काढून, आणि सांगायचा वाचा आणि काय वाटतं ते लिहून आणा, किती वेळा वाचली ते पण लिहा. १९२९ साली त्यावर पुस्तक आलं, त्यात तेरा कविता आहेत, आणि चांगली शिकलेली मुलं नाव नसलं की कशी घसरतात, ठरीव भावना कशा ओततात ते सगळं त्यात आहे. वर्ग नोट्स उतरवत होता आणि मला फक्त आठवी ब चा फळा दिसत होता. आमच्या बाईंनी रिचर्ड्स वाचला नव्हता. मी नंतर मुद्दाम विचारलं, नाव पण ऐकलं नव्हतं.

वार्षिक परीक्षेत अपठित म्हणून जी कविता आली ती चार कडव्यांची, सोळा ओळींची. एक एक्स्प्रेस गाडी एका छोट्या स्टेशनावर उगाचच थांबते, जून महिन्याचा शेवट, वाफेचा आवाज, कोणीतरी घसा खाकरतं, उघड्या प्लॅटफॉर्मवर कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. अ‍ॅडलस्ट्रॉप हे त्या स्टेशनाचं नाव, मला आधी ते माणसाचं वाटलं. तीन कडवी काहीच घडत नाही आणि मग एक ब्लॅकबर्ड गातो, आणि त्याच्या पलीकडे, आणखी पलीकडे, दोन परगण्यांतले सगळे पक्षी. मी लिहिलं की ही कविता आधी सगळं रिकामं करते आणि मग त्या रिकाम्या जागेत आवाज भरते, आणि तो आवाज जवळून लांब पसरत जातो, म्हणून स्टेशन लहान होत जातं आणि आभाळ मोठं. हे मला सुचलं कारण मला उलटी जाणारी कविता माहिती होती, मोकळ्या हिरव्यातून एका काळ्या डोहाशी येऊन थांबणारी. विरुद्ध जाणारी जागा म्हणून लिहिलं की एवढ्या आनंदाच्या क्षणात आठवतंय हा शब्द का, ते आता उरलेलं नाही का.

पेपर झाल्यावर लायब्ररीत शोधली. एडवर्ड थॉमसची. गाडी थांबली ती जून १९१४ मध्ये, कविता लिहिली जानेवारी १९१५ मध्ये, मधल्या काळात महायुद्ध सुरू झालेलं, आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये तो अरासच्या लढाईत मारला गेला. कवितेत युद्धाचा एक शब्द नाही. मी लायब्ररीच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले, एक वर्षाच्या अंतराने गेलेले हे दोघे, थॉमस आणि बालकवी, एकाची आठवण एका स्टेशनाची आणि दुसऱ्याचा शेवट एका स्टेशनाजवळ.

त्याच आठवड्यात मी ती कविता जमेल तशी मराठीत उतरवून बाईंना पाठवली, सोबत माझं तीन पानी विवेचन. उत्तर आलं पोस्टकार्डावर, दोन ओळींचं. "कविता 'हो' ने सुरू होते. म्हणजे आधी कोणीतरी विचारलंय. कोणी?" मी तीन पानांत त्या 'हो' बद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

ते पोस्टकार्ड माझ्याकडे आहे. दरवर्षी अकरावीच्या नव्या वर्गात मी ती कविता फळ्यावर लिहिते, शीर्षक नाही, नाव नाही, आणि हात झटकून बसते. बहुतेक वर्षी मुलं पक्ष्यांपासून सुरुवात करतात, काही मोबाईलवर शोधायला बघतात, मी मोबाईल टेबलावर ठेवायला लावते. गेल्या वर्षी खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी, पहिले पंधरा दिवस एक शब्द न बोललेली, उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पहिलंच येस लिहिलंय. कोणाला?"

त्या संध्याकाळी बाईंना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं, मला ते दोनदा सांगावं लागलं.