दुधी काचेची खिडकी

आमच्या जिन्यातली खिडकी उघडत नाही. दुधी काच, खालचा भाग कायमचा बंद, वरची छोटी झडप तेवढी टाचा उंचावून ढकलायची. इंग्लंडमध्ये हे घर घेतल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्या खिडकीवरून बिल्डरच्या नावाने बोटं मोडतेय. ती तशी का आहे, ते गेल्या महिन्यात कळलं.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला एक पिवळा कागद बांधलेला दिसला. आमच्या मागच्या मोकळ्या रानात 12 घरं बांधायचा अर्ज आलाय, कुणाला काही म्हणायचं असेल तर 21 दिवसांत कळवा. पाठोपाठ कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र घरी. नकाशे, झाडांची यादी, सांडपाण्याचा आराखडा, सगळं ऑनलाइन उघडं. आपल्याकडे शेजारच्या प्लॉटवर इमारत येणार हे बोअरिंगची गाडी आली की समजतं. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवायची तरतूद आपल्या 1966 च्या नगररचना कायद्यातही आहे, नाही असं नाही. पण एकेका इमारतीसाठी शेजाऱ्याला पत्र धाडून विचारलेलं मी तरी पाहिलं नाही. पत्र हातात घेऊन मी उगाचच जरा ताठ बसले.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. ऐंशीच्या आहेत. नावाने हाक मारा म्हणतात, माझी जीभ वळत नाही, म्हणून सहा वर्षं नुसत्या 'हॅलो'वर भागवतेय. आम्ही राहायला आलो त्या दिवशी गॅसचा मुख्य कॉक कुठे आहे, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हे त्यांनीच दाखवलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून मी चर्चच्या हॉलमधल्या सभेला गेले. तिथे एक गृहस्थ म्हणाले, "इथे माणसंच फार येऊन राहिली आहेत." मग माझ्याकडे नजर गेल्यावर घाईघाईने, "तुम्ही नाही हं, तुम्ही आमच्याच." मी हसले. हसायला नको होतं, हे घरी येताना सुचलं.

पण खरी गंमत पुढे. हरकत घ्यायची तर कशावर? घराची किंमत पडेल, हे चालत नाही. खिडकीतून दिसणारं हिरवं रान जाईल, हेही नाही. बिल्डर आवडत नाही, अजिबात नाही. चालतं काय, तर उजेड अडणं, कुणाच्या खिडकीतून आपल्या घरात डोकावता येणं, रस्त्यावरचा धोका, पूर, आवाज, झाडं. आणि वटवाघळं! वटवाघळं आणि न्यूट नावाचा डबक्यात अंडी घालणारा, पालीसारखा दिसणारा प्राणी, दोघांनाही कायद्याचं संरक्षण. त्यांची पाहणी वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच होते, हंगाम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. शिवाय फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रकल्पांना निसर्गाची नुसती भरपाई पुरत नाही, आधीपेक्षा 10 टक्के जास्त करून दाखवावी लागते. म्हणजे मी हप्ते भरतेय त्या घरासमोरचं दृश्य कुणी मोजत नाही, न्यूटचं डबकं मात्र मोजतात. आधी राग आला. मग वाटलं, बरोबरच आहे की. दृश्य काही मी विकत घेतलं नव्हतं. मग पुन्हा राग आला. 2024 साली आलेल्या सरकारने 15 लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलंय, ते या हिशेबाने कधी गाठणार कोण जाणे. आपल्याकडे परवानग्यांचा सावळा गोंधळ असेल, पण घरं उभी तरी राहतात. (ती कशी उभी राहतात, हा विषय आज नको.)

आणखी एक. अर्ज नाकारला तर बिल्डरला अपील करता येतं. मंजूर झाला तर शेजाऱ्याला अपील नाही. सहा आठवड्यांत कोर्टात जायचं, तेही निर्णय कायद्याला धरून झाला नाही असं दाखवता आलं तरच. एवढं प्रेमाने विचारून शेवटी हे.

हरकत कशी लिहितात ते बघायला म्हणून मी कौन्सिलच्या साइटवर जुने अर्ज चाळत बसले आणि सहज आमच्याच गल्लीचं नाव टाकलं. आमची घरं व्हायच्या वेळची फाइल निघाली. हरकतीच हरकती. गल्ली अरुंद आहे, शाळेत जागा नाही, गटार तुंबतं. परवा हॉलमध्ये ऐकलेली वाक्यं, जवळपास शब्दशः. निनावी हरकत इथे चालत नाही, त्यामुळे प्रत्येक पत्राखाली नाव होतं. चौथं पत्र शेजारच्या बाईंचं. नव्या घराच्या जिन्यातून त्यांच्या बागेत थेट दिसेल, असं त्यांनी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं. मंजुरीच्या अटींमध्ये खाली एक ओळ: सदर खिडकीला दुधी काच असावी आणि घरातल्या जमिनीपासून 1.7 मीटरच्या खालचा भाग उघडता येऊ नये.

मी उठून टेप आणली आणि मोजलं. बरोबर 1.7.

दोन दिवस मी काहीच लिहिलं नाही. नवरा म्हणाला, आपल्याला घर मिळालं, आता दुसऱ्याचं कशाला अडवायचं? मी म्हटलं, अडवत कोण आहे. आणि खरंच, मी घरं नकोत असं लिहिलं नाही. आमच्या परसात जे गटाराचं झाकण पावसात वर येतं त्याचे फोटो जोडले, वळणावर समोरची गाडी दिसत नाही ते लिहिलं. शेवटी एक विनंती: सात नंबरच्या घराची वरची खिडकी आमच्याकडे तोंड करून आहे, तिला दुधी काच लावावी आणि 1.7 मीटरच्या खाली ती उघडू नये.

ते साइटवर प्रसिद्ध झालं, माझ्या लांबलचक आडनावासकट. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून बाई म्हणाल्या, "खिडकीचा मुद्दा चांगला काढलात. कुठून सुचला?"

"असाच," म्हटलं.

अर्जावर निर्णय देणाऱ्या कौन्सिलच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. हरकत घेणाऱ्यांपैकी एकालाच बोलता येतं, तीन मिनिटं. बाईंनी माझं नाव दिलंय.