शेजारी बसून काम पाहणे

सहा वर्षांपूर्वी बडोद्यातील एका शाळेने मला नववी-दहावीच्या मुलांसमोर तंत्रज्ञानातील करिअर या विषयावर बोलायला बोलावले होते. मी चाळीस मिनिटे बोलले, पडद्यावर चित्रे दाखवली, अभियांत्रिकीच्या शाखा समजावल्या, मुलींनी या क्षेत्रात यावे असेही आग्रहाने सांगितले. टाळ्या झाल्या. मुले उठू लागली तेव्हा पहिल्या रांगेतील एका मुलीने जवळ येऊन विचारले, "काकू, पण तुम्ही ऑफिसात गेल्यावर नक्की करता काय?" एवढ्या वेळात नेमके तेच सांगायचे राहून गेले होते.

मी वीज मोजणाऱ्या आणि यंत्रे नियंत्रित करणाऱ्या उपकरणांसाठी फर्मवेअर लिहिते, म्हणजे उपकरणाच्या आतल्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम. त्या मुलीला मी हे एका वाक्यात सांगितले खरे, पण सांगताना लक्षात आले की या वाक्यातून तिच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. डॉक्टरचे काम मुलांनी पाहिलेले असते, कारण ती त्याच्यासमोर तोंड उघडून बसलेली असतात. शिक्षक, शिंपी, दुकानदार, वीजजोडणीचे काम करणारे काका, या सर्वांचे हात चालताना त्यांनी पाहिलेले असतात. आमच्यासारख्यांचे मात्र त्यांना फक्त पाठमोरे दर्शन होते, लॅपटॉपवर वाकलेले, "कॉल चालू आहे, आवाज करू नका" असे खुणावणारे. जे काम कधी होताना पाहिले नाही ते आवडेल की नाही हे सोळाव्या वर्षी ठरवायचे, तर मूल शेवटी पगाराचा आकडा आणि शेजारच्या दादाचे उदाहरण यांवरच निर्णय घेणार.

तेव्हापासून दांडिया बाजारातील आमच्या घरी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी उचलली जाते आणि तिच्या जागी वायरी, ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचून जोडणी करायची भोकांची पट्टी), एक जुना लॅपटॉप आणि सासूबाईंनी भरून दिलेला लिल्या चिवड्याचा डबा येतो. नववी ते बारावीची चार-पाच मुले येतात, काही मराठी घरांतली, काही गुजराती. टेबलावरची भाषाही तशीच मिसळलेली असते. शिकवणी म्हणावे तर अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, फी नाही. इंग्रजीत याला मेंटॉरिंग म्हणतात आणि मराठीत मार्गदर्शन, पण मार्गदर्शक या शब्दाची मला थोडी भीती वाटते, कारण त्यात मार्ग आधीच ठाऊक असल्याचा दावा आहे. मी फक्त त्यांच्या शेजारी बसते आणि त्यांना माझ्या शेजारी बसू देते.

एका रविवारचे उदाहरण देते. दहावीतील एका मुलीने आर्डुइनोच्या, म्हणजे प्रोग्राम भरून चालवता येणाऱ्या छोट्या चिपच्या, बोर्डाला एक बटण आणि एक दिवा जोडला होता. बटण दाबले की दिवा लागावा, एवढीच अपेक्षा. पण बटण न दाबताही दिवा लागत होता आणि वायरीजवळ नुसता हात नेला तरी लुकलुकत होता. मला कारण पहिल्याच मिनिटात कळले होते: बटण उघडे असताना बोर्डाची ती पिन कशालाच जोडलेली नव्हती, अधांतरी होती, त्यामुळे आसपासचा विद्युत गोंधळ तिला कधी शून्य (बंद) तर कधी एक (चालू) वाटत होता. त्या पिनेपासून दहा किलोओहमचा एक रोधक (रेझिस्टर) ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टच्या, वायरीशी जोडला असता तर काम झाले असते. मी गप्प राहिले. तिने कोड तीनदा तपासला, दिवा बदलला, बटण बदलले, बोर्डाला दोष दिला आणि अखेरीस वैतागून बटण काढूनच टाकले. बटण नसतानाही दिवा लुकलुकतच राहिला. तेव्हा ती थांबली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे चूक बटणात नाही." तिथून रोधकापर्यंत पोचायला आणखी वीस मिनिटे लागली, पण त्या एका वाक्यापाशी ती माझ्या व्यवसायात शिरली होती, कारण आम्ही दिवसभर दुसरे काही करत नाही. दोष कुठे नाही हे एकेक करून सिद्ध करत जातो.

गप्प बसणे हा या कामातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि ज्यांना आपल्या विषयाचे ज्ञान आहे त्यांना तर तो फारच जड जातो. मूल अडकले की आपला हात आपोआप कीबोर्डकडे जातो. दोन सेकंदांत आपण दुरुस्ती करतो, मूल "वा!" म्हणते आणि मनाशी नोंद करते की हे काम हुशार माणसांचे आहे. याउलट, मी स्वतः अडकलेली त्यांना दिसले तर फार फरक पडतो. एकदा लॅपटॉपला बोर्ड सापडेना. मी पाऊण तास ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला बोर्ड ओळखायला लावणारे प्रोग्राम, बदलत बसले आणि शेवटी कळले की केबल फक्त चार्जिंगची होती, तिच्यात माहिती वाहून नेणाऱ्या तारा नव्हत्याच. मुले मनसोक्त हसली. वीस वर्षे नोकरी केलेली बाई केबलमुळे फसते हे पाहिल्यापासून ती आपली चूक लपवायची थांबली.

त्याच केबलवरून त्यांना एक गोष्ट सांगितली. आपण रोज फोनला खुपसतो त्या यूएसबी जोडणीचे मानक तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते तेव्हा इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीत असलेले अभियंते अजय भट्ट महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, म्हणजे आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कलाभवन या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेच्या परंपरेत. त्या मानकाची पहिली आवृत्ती 1996 साली आली. मुलांना मोठ्या माणसांची नावे ऐकवून स्फूर्ती देण्यावर माझा फारसा विश्वास नाही, पण हातातल्या वस्तूला आपल्या गल्लीचा पत्ता निघाला की ती वस्तू परकी राहत नाही, एवढे मी पाहिले आहे.

कलाभवनाचा उल्लेख आलाच आहे तर थोडे अधिक सांगते, कारण आज आपण नव्याने जे करू पाहतो ते या शहरात 1890 साली करून झाले आहे. सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या कल्पनेतून ही संस्था उभी राहिली तेव्हा तिचा आग्रह होता की उद्योगाचे शिक्षण हाताने काम करून आणि लोकांच्या भाषेत मिळावे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या कितीतरी आधी इथेच छायाचित्रण शिकले. गज्जरांनी पुढे कोटीभास्कर आणि अमीन या आपल्या शिष्यांसह 1907 साली अलेम्बिक कंपनी सुरू केली, ती आजही बडोद्यात आहे. वर्गात शिकवून गज्जर थांबले नाहीत, शिष्यांबरोबर स्वतः धंद्यात उतरले.

भाषेचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. "मला इंग्रजी येत नाही, म्हणून मला कोडिंग जमणार नाही" हे वाक्य मी इतक्या मुलांकडून ऐकले आहे की आता त्यावर उपदेश करत नाही. पडद्यावर लाल अक्षरांत चूक दाखवणारा संदेश आला की मी त्यांना तो मोठ्याने वाचायला लावते, मग विचारते, "यात आकडा कोणता आहे?" आकडा बहुधा ओळीचा असतो. त्या ओळीवर जायचे, तिथे आणि तिच्या वरच्या ओळीत पाहायचे. प्रोग्रामिंगच्या भाषेतील मूळ शब्द थोडेच असतात आणि महिन्याभरात ते पाठ होतात. खरी अडचण त्यामागचा विचार मांडण्याची असते, आणि विचार मराठीत किंवा गुजरातीत मांडता येतोच. अर्थात पुढे जायचे तर इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, कारण चिपची माहितीपत्रके इंग्रजीतच येतात. ही गोष्टही मी लपवत नाही. माहितीपत्रकातील एकच पान घ्यायचे आणि एकच तक्ता समजून घ्यायचा, अशी सवय आम्ही लावतो.

आता माझ्या एका चुकीबद्दल लिहायला हवे. दुसऱ्या वर्षी आलेला एक मुलगा गणितात उत्तम होता. मी त्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच घे असे इतक्या वेळा सांगितले की त्याच्या घरच्यांनीही तेच धरून ठेवले. त्याने प्रवेश घेतला, तीन सत्रे कशीबशी काढली आणि सोडून दिले. मला त्याने सहा महिने सांगितले नाही, कारण मला वाईट वाटेल अशी त्याला भीती होती. हे ऐकून मला जे वाटले ते वाईट या शब्दात मावत नाही. तो टेबलावर बसायचा तेव्हा कोड लिहून होताच बोर्ड ज्या डब्यात बसवायचा तो डबा कानशीने घासत बसायचा. हे मी दर रविवारी पाहत होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. आज तो मकरपुरा औद्योगिक वसाहतीत सीएनसी, म्हणजे प्रोग्रामवर चालून धातू कापणाऱ्या, यंत्रावर काम करतो. गेल्या दिवाळीत त्याने मला त्याचा प्रोग्राम दाखवला: कोणत्या ओळीत हत्यार झपाट्याने सरकते, कोणत्या ओळीत ते धातू कापत सावकाश जाते आणि त्या दोहोंत गल्लत झाली तर हजारो रुपयांचे हत्यार कसे मोडते. तो बोलत असताना मी ऐकत होते, आणि तो मला कळेल इतपत सोपे करून सांगत होता.

त्यानंतर मी शाखा सुचवणे बंद केले. त्याऐवजी मूल कशात रमते आणि कशाचा कंटाळा करते ते वहीत लिहून ठेवते आणि वर्षाअखेरीस ती वही त्यालाच वाचायला देते. बडोद्यासारख्या शहरात तंत्रज्ञान म्हणजे केवळ सॉफ्टवेअर असे मानणे तर हास्यास्पदच आहे. कोयलीची रिफायनरी 1965 पासून इथे चालू आहे. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सी-295 या लष्करी मालवाहू विमानांच्या जोडणीचा कारखाना सुरू झाला. तिथे वायरिंग करणारा, चाचणी घेणारा, मोजमाप तपासणारा, प्रत्येकजण तंत्रज्ञानातच काम करतो. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, ही साधी वाटही कित्येक पालकांना माहीत नसते. डिप्लोमा म्हणजे अकरावी सायन्सला न जमलेल्यांची सोय, अशी समजूत आपल्या मराठी मध्यमवर्गात घट्ट बसली आहे, आणि ती मला अजिबात पटत नाही.

पालकांबद्दल म्हणाल तर त्यांना वगळून हे काम होत नाही. त्यांचा पहिला प्रश्न असतो, नोकरी लागेल का. मी हमी देत नाही. दुसरा प्रश्न अलीकडचा आहे: आता एआय सगळे लिहून देते, मग मुलांनी शिकायचे कशाला? यावर वाद घालण्यापेक्षा मी त्यांना टेबलाशी बसवते. एका मुलाने एआयकडून मातीतील ओलावा मोजण्याचा प्रोग्राम लिहून घेतला होता. प्रोग्राम नीटनेटका होता, पण त्यात सेन्सर ज्या पिनवर वाचला होता ती पिन आमच्या बोर्डावर नव्हतीच, आणि कोरड्या मातीला जास्त आकडा येतो की कमी, हे तर सेन्सर प्रत्यक्ष कुंडीत खोचल्याशिवाय कळणारच नव्हते. त्याचे वडील हे सगळे पाहत होते. काही न बोलता त्यांनी स्वतः उठून कुंडीला पाणी घातले आणि आकडा किती झाला ते विचारले.

आणि निर्णय चुकला तर? या भीतीवर मी व्यंकटरामन रामकृष्णन यांच्याबद्दल सांगते. ते बडोद्यात वाढले, इथल्याच विद्यापीठातून 1971 साली भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, अमेरिकेत भौतिकशास्त्रातच डॉक्टरेट केली आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. 2009 सालचे त्यांचे नोबेल रसायनशास्त्राचे आहे. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात घरोघरी जे सुतकी वातावरण असते, त्यात ही तीन शास्त्रांची नावे एका माणसाच्या नावापुढे ऐकली की निदान आयांचे चेहरे थोडे सैल होतात.

हे करायला फार काही लागत नाही. माझ्या घरात एक टेबल आहे, महिन्याला पाच-सातशे रुपयांचे सुटे भाग लागतात आणि रविवारचे दोन तास. ते दोन तास मात्र चुकवून चालत नाहीत. सुरुवातीला मी कामाच्या ताणामुळे लागोपाठ तीन रविवार रद्द केले तेव्हा पाचपैकी दोन मुले परत आलीच नाहीत, आणि ती दोघेही अशी होती की ज्यांच्या घरी याबद्दल विचारायला दुसरे कोणी नव्हते. महिन्यातून दोनच रविवार जमत असतील तर दोनच ठरवावेत, पण ठरवलेले पाळावेत. माझ्याबरोबर आता कार्यालयातील दोन सहकारी आळीपाळीने येतात. त्यांपैकी एक चाचणीचे काम करतो, आणि वस्तू मुद्दाम मोडून दाखवण्याची त्याची नोकरी आहे हे कळल्यावर मुलांमध्ये त्याचा भाव माझ्यापेक्षा बराच वाढला आहे.

ती बटणवाली मुलगी आता बारावीत आहे. तिची आई रावपुऱ्यात घरूनच शिवणकाम करते. गेल्या रविवारी ती पहिल्यांदाच लेकीबरोबर वर आली आणि कापडी पिशवीतून शिलाई मशीनचे पायाने दाबायचे पेडल काढून तिने टेबलावर ठेवले. दाबले की मशीन एकदम पळते, हळू चालतच नाही, अशी तिची तक्रार होती. मुलीने ते कुठे जोडलेले नाही याची खात्री करून चार स्क्रू काढले. आत कार्बनच्या पातळ चकत्यांची एक चळत होती, दाब वाढला की जिचा रोध कमी होतो आणि मोटरला जास्त वीज मिळते. दोन चकत्या तुटलेल्या निघाल्या. मुलगी आईला रोध मोजणाऱ्या मल्टिमीटरचा काटा दाखवून समजावू लागली, आईने दोन मिनिटे ऐकून घेतले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, शिकू दे तिला काय ते, पण बुधवारपर्यंत चालू करून द्या, नऊ ब्लाउज द्यायचे आहेत."