तुम्ही विचारलंत म्हणून: ट्राइब का फुटला?

"एवढा भारी ग्रुप, मग फुटला का?" कुणालाही अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा अमेरिकन रॅप ग्रुप ऐकवला की दोन दिवसांत हा मेसेज येतोच, दरवेळी व्हॉइस नोट पाठवते, आज लिहूनच टाकते.

भांडणं झाली, पैशाचे वाद झाले, ते कुठल्या ग्रुपमधे होत नाहीत. मला विचाराल तर हे सगळं क्यू-टिप आणि फाइफ डॉग या दोन रॅपर्सवर येऊन थांबतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले लंगोटीयार. सोबत डीजे अली शहीद मुहम्मद, आणि जरोबी, जो पहिल्या अल्बमनंतर बाजूला झाला. १९९१ चा 'द लो एंड थिअरी' हेडफोन लावून ऐका, नुसता ड्रम आणि जॅझचा बेस, एका गाण्यात तर जॅझमधला नावाजलेला बेसवादक रॉन कार्टर खुद्द वाजवतोय, बाकी सगळी मोकळी जागा, आणि त्या जागेत हे दोघं, भजनात पुढच्याने ओळ सोडली की मागचा टाळकरी उचलतो ना अगदी तसं. हे एका गल्लीत वाढल्याशिवाय येत नाही हो.

आणि नंतर नेमकी तीच जवळीक गेली. फाइफ अटलांटाला राहायला गेला, टिप न्यूयॉर्कच्याच बाजूला. टिपने इस्लाम स्वीकारला, रोजचं जगणं बदललं. १९९६ चा अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, एक नंबरला गेला खरा, पण त्यात टिपचा कझिन कॉन्सिक्वेन्स इतक्या गाण्यांत आहे की फाइफ मला स्वतःच्याच घरी पाहुणा वाटतो. १९९८ ला टिपच्या घराला आग लागली, रेकॉर्ड्सचा सगळा साठा जळाला, आणि त्याच वर्षी पाचवा अल्बम यायच्या आधीच ग्रुप संपल्याचं जाहीर झालं.

आणखी एक गोष्ट, जी लोक पटकन बोलून सोडून देतात. फाइफला १९९० पासून शुगर होती, इन्सुलिनवाली. आमच्या बाबांनाही आहे, म्हणून मला माहितीये की शुगर खाली आली की माणूस किती चिडतो, आणि आपण काळजीने "हे खाऊ नका" म्हटलेलं त्याला पहारा वाटतो. टिप फाइफला खाण्यावरून बोलायचा. गोडाचं आपल्याला व्यसनच आहे हे फाइफने स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलंय. २००८ ला बायकोने त्याला किडनी दिली.

नोव्हेंबर २०१५ मधे एका टीव्ही शोसाठी ते पुन्हा एकत्र आले आणि मग न्यू जर्सीत टिपच्या घरी गुपचूप नवा अल्बम सुरू झाला. २२ मार्च २०१६ ला फाइफ गेला, ४५ व्या वर्षी. नोव्हेंबरात अल्बम आला तोही एक नंबरला. त्यासाठी टिपची एकच अट होती, कुणी आपला भाग मेलवर पाठवायचा नाही, घरी येऊन समोर बसून करायचा. फाइफ कॅलिफोर्नियाहून यायचा.