खाली सही माझीच होती

गौरी-गणपतीच्या आधीचा आठवडा. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या लॅबमध्ये सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग होती. त्यात पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक मावशी होत्या. रक्त देऊन झालं तरी त्या उठेनात. डॉक्टरांना, म्हणजे मला, भेटायचंय म्हणाल्या.

"मॅडम, संक्रांतीपासून छातीत डाव्या बाजूला गाठ लागतेय. पण कॅन्सरची नाही. रक्त तपासून घेतलंय मी."

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला. महिला दिनाच्या पॅकेजमधला, मार्चचा. सीए १५-३, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाशी जोडला जाणारा रक्तातला एक घटक : १८. मर्यादा ३०. आणि खाली सही माझी.

त्या दिवशी अशा कितीतरी रिपोर्टांवर मी सह्या केल्या होत्या. आकडा बरोबर होता, मशीन बरोबर होतं. 'ही तपासणी कर्करोग शोधण्यासाठी नाही' ही ओळही होती. तळाशी, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. मावशी सातवी शिकलेल्या.

त्यांना आत नेऊन गाठ तपासली. कडक, ओबडधोबड, सुपारीएवढी. ताबडतोब ओळखीच्या सर्जनना फोन केला. दुपारीच मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी सुईने तुकडा काढला. तो तपासायला माझ्याकडेच आला. स्लाइड लावल्यावर फार वेळ बघावं लागलं नाही. दुधाच्या नळ्यांपासून सुरू होऊन आजूबाजूला पसरलेला कर्करोग होता.

त्या सकाळचं रक्त शिल्लक होतं. मावशींना विचारून त्याच नळीतून सीए १५-३ पुन्हा लावलं. २१ आलं. गाठ हाताला लागत होती, पेशी काचेवर दिसत होत्या आणि रक्त म्हणत होतं, सगळं ठीक.

यात रक्ताची चूक नाही. सीए १५-३ हा पेशीच्या पृष्ठभागावरच्या म्यूक-१ नावाच्या प्रथिनाचा सुटून आलेला भाग. आजार सुरुवातीचा असेल तर तो बहुतेकींच्या रक्तात वाढलेला सापडतच नाही. उलट यकृताच्या दुखण्यात, स्तनातल्या साध्या गाठींतही तो वाढतो आणि धडधाकट बाईची झोप उडवतो. त्याचा खरा उपयोग पसरलेल्या आजारात, उपचार लागू पडतात का हे इतर तपासण्यांच्या जोडीने बघायला. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ सालीच सांगितलं होतं, चाळणी तपासणीसाठी, म्हणजे त्रास नसलेल्या बायकांमध्ये आजार शोधायला, तो वापरू नका. मला हे ठाऊक होतं. तरी ते पॅकेज माझ्या सहीने विकलं जात होतं.

रिपोर्ट द्यायला मावशींना बोलावलं तेव्हा त्यांचा मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, आता रक्ताच्या थेंबात कॅन्सर कळतो म्हणे. गाठीतून सुटून रक्तात तरंगणाऱ्या डीएनएवर मोठं काम चाललंय, पसरलेल्या आजारात औषध निवडायला त्याची मदतही होते, हे त्याला सांगितलं. पण छातीतली गाठ आज तरी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईनेच ठरते.

मावशी तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग मार्चमध्ये माझं रक्त कशाला घेतलंत?"

मी त्यांची माफी मागितली. त्याच संध्याकाळी लॅबच्या मालकांना सांगितलं, त्या पॅकेजवर यापुढे माझी सही मिळणार नाही. वाद झाला. पॅकेजमधून सीए १५-३ गेलं.

ऑपरेशननंतर, केमोच्या आधी पेशींची मोजणी करायला मावशी आल्या. डोक्याला रुमाल अजून नव्हता. बरोबर धाकटी बहीण होती. तिला माझ्यापुढे बसवत म्हणाल्या, "हिचं रक्त घेऊ नका. हिने कुठे जाऊन दाखवायचं, ते मराठीत लिहून द्या."