बंद दिव्यांची बचत आणि आमचे अकरा महिने

आमच्या नगरपरिषदेच्या हद्दीत 2,400 पथदिवे, सगळे 150 वॉटचे सोडियमचे. ते उतरवून 70 वॉटचे एलईडी लावायचे, पैसे खाजगी कंपनीने घालायचे आणि वीजबचतीच्या हिश्श्यातून सात वर्षांत काढून घ्यायचे, असं ठरलं. अशा कंपनीला एस्को म्हणतात. केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 5 जानेवारी 2015 ला सुरू झाला, तेव्हापासून ही पद्धत गावोगावी माहीत झाली आहे. आम्ही मात्र स्वतःची निविदा काढली. सभेचा ठराव, मान्यता, महाटेंडर या सरकारी निविदा संकेतस्थळावरची प्रसिद्धी, सगळं वेळेत झालं. विद्युत अभियंता म्हणून नस्ती माझ्याकडे होती. ती एका प्रश्नावर अकरा महिने अडून राहिली, आणि त्याचा राग अजूनही माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रश्न होता, बचत कशाच्या तुलनेत धरायची?

निविदेत आम्ही ‘सध्याच्या वीजवापराच्या तुलनेत’ एवढंच लिहिलं होतं. कंपनीने पाहणी केली तेव्हा 600 दिवे बंद निघाले. आता हिशेब पाहा. सोडियमचा दिवा 150 वॉटचा असला तरी चोकसकट तो 170 च्या आसपास ओढतो. वर्षाला 4,000 तास धरले तर 680 युनिट. एलईडीचे 280. म्हणजे पेटत्या दिव्यामागे 400 युनिट वाचतात. बंद दिव्याचं उलट होतं. तो शून्य युनिट खात होता, नवा बसला की 280 खाणार. सगळे दिवे चालू धरले तर वर्षाची बचत 9.60 लाख युनिट. बिलात मात्र दिसणार 5.52 लाख.

कंपनीने 9.60 लाख धरून हिस्सा मागितला. लेखापाल मला म्हणाले, “मॅडम, जो दिवा पेटतच नव्हता, त्याची बचत मी कुठल्या बिलात दाखवू? उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला की वसुली माझ्यावर.” कंपनीचे गृहस्थ म्हणाले, “दिवे बंद ठेवले तुम्ही. ते आम्ही पेटवणार, आणि त्याचं बिल आमच्याच हिश्श्यातून कापणार?” दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. म्हणून तर निर्णय होईना. नस्ती लेखा विभागातून मुख्याधिकाऱ्यांकडे, तिथून विधी सल्लागारांकडे, आणि ‘स्पष्टीकरणासह फेरसादर’ असा शेरा घेऊन पुन्हा माझ्या टेबलावर. मधेच मुख्याधिकारी बदलले, नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून समजावलं. एकट्या ‘सध्याच्या’ या शब्दावर मी सात टिपण्या लिहिल्या. तोवर स्टँडमागच्या रस्त्यावर शेवटच्या एसटीने उतरणाऱ्या मुली मोबाईलच्या उजेडात घरी जात होत्या. मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा व्हायचा.

वाट सापडली ती महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेच्या यादीवरच्या एका ऊर्जा लेखापरीक्षकांमुळे. ते म्हणाले, बिलावर बिल ठेवून बचत काढूच नका. बिलात बंद दिवे, बिघडलेले टायमर, नवी जोडणी, सगळं मिसळलेलं असतं. प्रत्येक फीडरवरच्या, म्हणजे एका वीजवाहिनीवरच्या, नमुन्याच्या दिव्यांचे वॉट मोजा, तास करारात ठरवून टाका, गुणाकार करा. बचत मोजण्याचा आयपीएमव्हीपी नावाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच आहे, त्यातला पर्याय ‘ए’ हाच. मग आम्ही दिव्यांचे दोन भाग केले. पेटत्या 1,800 दिव्यांमागे 400 युनिटची बचत आणि तिच्यातला कंपनीचा हिस्सा. बंद 600 दिव्यांसाठी बचत हा शब्दच नाही. त्यांचं बिल नगरपरिषदेने भरायचं, कारण ते पेटते ठेवणं हे आमचंच काम होतं. बसवण्याचा आणि देखभालीचा ठरावीक मोबदला दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून द्यायचा. दिवे, चोक, शिडीची गाडी यांवर तिथून नाहीतरी दरवर्षी खर्च होतच होता. लेखापालांनी हे दोन तक्ते पाहून त्याच दिवशी सही केली.

पण निविदा उघडल्यावर अट बदलता येत नाही. फेरनिविदा काढावी लागली. म्हणून या वाटेने जाणाऱ्या नगरपरिषदांना हात जोडून सांगते, हे सगळं निविदेच्या आधी करा.

वरती लिहायचं राहिलं, आमच्या काही जोडण्यांना मीटरच नव्हते, बिल मंजूर भारावर, म्हणजे कागदावर नोंदलेल्या वॉटवर यायचं. तिथे एलईडी लावून बिल एक रुपयानेही उतरत नाही. मीटरचा आणि भार कमी करण्याचा अर्ज आधी द्या.

कंपनीची बँक एस्क्रो खातं मागतेच. एस्कोला द्यायची रक्कम दरमहा आधी त्यात पडते. सभेच्या पहिल्याच ठरावात ते घाला, नाहीतर पुन्हा सभेची वाट पाहावी लागते. बीईई या केंद्राच्या ऊर्जाबचतीच्या संस्थेकडून एस्कोंची प्रतवारी होते, ती पात्रतेत मागा. बीईईचाच जोखीम हमी निधीही आहे. त्याच्या 2016 च्या नियमांत बँकेला कर्जाच्या निम्म्यापर्यंत हमी होती, वरची मर्यादा प्रकल्पामागे 10 कोटी. लहान कंपन्यांना निविदापूर्व बैठकीत हे आवर्जून सांगा.

आणि दिव्यांची मोजणी रात्रीच करा. दिवसा सगळे खांब सारखेच दिसतात. दुसऱ्या वेळी मी वायरमन आणि त्या त्या प्रभागाचे नगरसेवक यांना घेऊन सहा रात्री फिरले. खांबाचा नंबर, दिवा चालू की बंद, तारीख, आणि तिथल्या तिथे तिघांच्या सह्या. ती यादी परिशिष्ट म्हणून निविदेला जोडली. निविदापूर्व बैठकीत चार कंपन्या आल्या, आणि बंद दिव्यांविषयी एकाही कंपनीने प्रश्न विचारला नाही.